कागद बोलतो तेवढेच

मल्लेश्वरममध्ये संपिगे रस्त्यावर फिरताना एका वृद्ध कन्नड स्नेह्यांनी विषय काढला. १९८८ मध्ये दूरध्वनी चोरून ऐकल्याच्या प्रकरणात रामकृष्ण हेगडे यांनी मुख्यमंत्रिपद सोडले होते. ‘मग वृत्तपत्रांनी न्यायालयासाठी का थांबावे?’ असा त्यांचा प्रश्न होता.

मला अंतुले प्रकरण आठवले. ऑगस्ट १९८१ मध्ये अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये सिमेंटचे वाटप आणि इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या यांची सांगड घातली. त्यांच्या हाती अफवा नव्हती, कागद होते. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी ती सांगड मान्य केली. अंतुल्यांचे पद गेले. फौजदारी खटल्यात मात्र त्यांना कधीच शिक्षा झाली नाही.

या दोन गोष्टींत विसंगती नाही. पद सोडण्यास पुरेसा असणारा पुरावा तुरुंगात धाडण्यास पुरत नाही. पत्रकाराने थांबू नये, पण कागद बोलतो तेवढेच बोलावे. ‘देणगी दिली, सिमेंट मिळाले’ हे लिहिणे वेगळे आणि ‘चोर’ म्हणणे वेगळे. शिवाय आरोप पहिल्या पानावर छापला असेल, तर निकालही तिथेच छापावा. (तो बहुधा आतल्या कोपऱ्यात जातो.)

‘आणि निकालच वीस वर्षांनी लागला तर?’ स्नेह्यांनी विचारले. मला उत्तर सुचले नाही.