गूम्बाची हत्या आणि पिठाचा कोंबडा

गूम्बा हा ‘सुपर मारिओ’ या जपानी व्हिडिओ गेम मालिकेतला सर्वांत क्षुद्र शत्रू. तपकिरी रंग, अळंबीसारखे डोके, रागावलेल्या भुवया, दोन पावले; हात नाहीत, शस्त्र नाही. निन्टेंडो कंपनीने १३ सप्टेंबर १९८५ रोजी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ बाजारात आणला. त्याचे मुख्य रचनाकार शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका. नवख्या खेळाडूला कासवासारखे कूपा जड जातात असे लक्षात आल्यावर अगदी शेवटी हा सोपा शत्रू घालण्यात आला. तोवर स्मृतीत जागा उरली नव्हती. अख्खा खेळच सुमारे ४० किलोबाइटचा. म्हणून गूम्बाचे एकच चित्र आलटूनपालटून डावे-उजवे उलटवले जाते आणि तो चालतो आहे असे भासते. समोर भिंत आली की तो मागे वळतो, खड्डा आला की सरळ आत पडतो. मारिओने डोक्यावर उडी मारली की तो चपटा होतो, नाहीसा होतो आणि खेळाडूच्या खात्यात १०० गुण जमा होतात.

उलटवलेले चित्र पुसण्यात हिंसा कसली, हा सर्वसाधारण प्रश्न रास्तच आहे. गूम्बाला वेदना नाही, जीव नाही, जगण्याची इच्छा नाही. तरीही खेळासोबतच्या इंग्रजी माहितीपुस्तिकेने त्याच्यावर एक आरोप ठेवला आहे: हे मशरूम राज्याशी गद्दारी केलेले मशरूम आहेत. निव्वळ अडथळ्यावर आरोप ठेवावा लागत नाही. त्याच खेळातल्या खड्ड्यांचा कुठलाही अपराध पुस्तिकेने सांगितलेला नाही. गूम्बाला मात्र डोळे आहेत, आणि डोळे असलेल्याला तुडवायचे तर कारण लागते, हे खेळ विकणाऱ्यांनाही जाणवले असावे.

निर्जीव प्रतिकृतीच्या वधाचे पाप लागते का, या प्रश्नाचा भारतात फार जुना आणि कठोर विचार झाला आहे तो जैन परंपरेत. सोमदेवसूरींनी शके ८८१ मध्ये, म्हणजे इ.स. ९५९ मध्ये, राष्ट्रकूटांच्या काळात संस्कृतात ‘यशस्तिलकचंपू’ रचला. पुढे पुष्पदंताने मान्यखेट येथे हीच कथा ‘जसहरचरिउ’ म्हणून अपभ्रंशात सांगितली. उज्जयिनीचा राजा यशोधर अशुभ स्वप्न पडल्याचे आईला सांगतो. देवीला पशुबळी द्यावा, असा तिचा आग्रह. राजा अहिंसेचा पक्ष घेतो, वाद घालतो, आणि शेवटी आईचे मन राखण्यासाठी पिठाचा कोंबडा करून कापायला तयार होतो. रक्त सांडत नाही, कुणाचा प्राण जात नाही. पण त्या एका कृत्यापायी मायलेकांना मोर, मासा, बोकड, कोंबडा अशा योनींतून फिरावे लागते आणि प्रत्येक जन्मी ती दोघे मारली जातात. शिक्षा एवढी अवाढव्य आहे की आधुनिक वाचकाला ती अन्यायाची वाटावी. कथेची भूमिका मात्र स्पष्ट आहे: कोंबडा पिठाचा होता, मारण्याचा संकल्प पिठाचा नव्हता.

जैन विचारात द्रव्यहिंसा आणि भावहिंसा असा भेद आहे. प्राण प्रत्यक्ष जाणे ही पहिली. मनात राग-द्वेष उठणे, घाताचा विचार होणे ही दुसरी. दुसरीसाठी पहिली घडावीच लागत नाही. श्रेणिक राजा आणि काळसौकरिक खाटकाची गोष्टही याच मुद्द्याची आहे. हत्या थांबवण्यासाठी राजाने त्याला विहिरीत कोंडले, तर तिथेही तो मातीचे रेडे करून मारत राहिला.

ही कसोटी गूम्बाला लावली तर निकाल सरळ लागत नाही. यशोधराचा कोंबडा खऱ्या कोंबड्याच्या जागी होता आणि देवीने तो खरा मानावा अशी अपेक्षा होती. गूम्बा कुणाच्याच जागी नाही. खेळाडूचे लक्ष टप्प्याच्या शेवटी असलेल्या ध्वजाकडे असते. गूम्बा वाटेत येतो. पण ‘वाटेत येतो’ ही सबब फार ताणता येत नाही. जैन आचारशास्त्र गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार मानते आणि स्वरक्षणासाठी नाइलाजाने घडणाऱ्या विरोधी हिंसेला गृहस्थापुरती काहीशी सवलत देते. गूम्बापुढे असा नाइलाज नाही. पहिल्याच टप्प्यात समोर येणाऱ्या गूम्बावरून नुसती उडी मारून पुढे जाता येते. त्याला मारल्याशिवाय वाट बंद राहत नाही. त्यातून खेळाचा हिशोबही बोलका आहे. गूम्बा आपण होऊन खड्ड्यात पडला तर गुण मिळत नाहीत, पायाखाली चिरडला तर मिळतात, आणि जमिनीला पाय न टेकता एकामागून एक चिरडत गेले तर ते वाढत जातात. मरण तेच, मोल कर्तृत्वाचे. कर्मसिद्धांत मांडणाऱ्याला याहून सुटसुटीत उदाहरण मिळणे अवघड आहे.

तेव्हा यशोधराचे माप इथे पुरते बसत नसले तरी श्रावकाच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या, व्रतांपैकी अनर्थदंडविरती बसते. निष्प्रयोजन पापप्रवृत्ती टाळणे हे ते व्रत. दुष्ट चिंतन, म्हणजे अपध्यान, त्यात मोडते. इमॅन्युएल कांट वेगळ्या वाटेने जवळच्या ठिकाणी पोहोचला होता. पशूंविषयी माणसाचे थेट कर्तव्य नाही, पण त्यांच्याशी क्रूर वागणारा माणसांशीही निर्दय होत जातो, असे तो मानी. कांटचा हा युक्तिवाद सवयीवर उभा आहे, म्हणून पुराव्याने तपासता येतो आणि कोलमडूही शकतो. जैन युक्तिवादाला परिणामाची वाट पाहावी लागत नाही. भाव मलिन झाला तिथेच तो पुरा होतो. मात्र त्यामुळेच त्याला प्रत्येक खेळाडूच्या मनात डोकवावे लागते. गूम्बा चिरडताना एकाच्या मनात फक्त उडीची वेळ साधण्याची एकाग्रता असते, दुसऱ्याच्या मनात सूड. पडद्यावर दोन्ही उड्या सारख्याच दिसतात.

मालिकेने पुढे हा प्रश्न स्वतःच अवघड करून ठेवला. २००० मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘पेपर मारिओ’त गूम्बांचे गाव आहे, कुटुंब आहे आणि गूम्बारिओ नावाचा मुलगा मारिओचा चाहता व सोबती आहे. २००४ च्या पुढच्या भागात गूम्बेला ही पुरातत्त्वाची विद्यार्थिनी येते. २०१७ च्या ‘सुपर मारिओ ओडिसी’त तर मारिओ टोपी फेकून गूम्बाच्या देहात शिरतो आणि खेळाडू काही काळ गूम्बा होऊनच चालतो. गद्दारीचा आरोप असा जातीवरून उतरून व्यक्तीवर आला की जुने समर्थन टिकत नाही, कारण गाव, घर आणि विद्यापीठ असलेल्यांतला कोण गद्दार, हे उडी मारण्यापूर्वी कुणी विचारलेले नसते.