मोल आणि आस्था

पैसे मोजून मिळालेली आस्था खरी असू शकते काय? मानसोपचारकापुढे बसलेल्या माणसाच्या मनात हा प्रश्न केव्हा ना केव्हा डोकावतोच. नेमलेली वेळ संपली की आपण उठणार आणि दुसरा कोणी आत येणार, ही जाणीव कोणालाही बोचेल.

आम्हांस वाटते की, येथे मोल कशाचे दिले जाते याविषयी गल्लत होते. शुल्क असते ते वेळेचे आणि विद्येचे. त्यामुळे उलट एक ओझे उतरते. मित्राला दुःख सांगावे, तर उपकाराचे ऋण उरते. आप्ताला सांगावे, तर त्याचा स्वतःचाच जीव त्यात गुंतलेला असतो. बदलीच्या गावी सहकाऱ्याजवळ मन मोकळे करताना माणूस का कचरतो, हे वाचकांस सांगावयास नको. उपचारकावर मात्र गुप्ततेचे बंधन असते. आपल्याकडील २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही ते घातले आहे. जीवितास धोका असल्यासारखे मोजकेच अपवाद त्यास आहेत.

परंतु एवढ्याने नाते घडत नाही. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली उपचारकाच्या ठायी तीन गोष्टी आवश्यक मानल्या : अंतर्बाह्य प्रामाणिकपणा, समोरच्याचा बिनशर्त स्वीकार आणि त्याचे जग त्याच्या दृष्टीने पाहण्याची शक्ती. यांतील एकही शुल्क भरून विकत मिळत नाही. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये जिव्हाळ्याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी ठेवल्या : साध्याविषयी एकमत आणि साधनाविषयी एकमत. म्हणजे हे नाते दाता आणि याचक यांचे नव्हे.

त्याची कसोटी लागते ती मतभेदाच्या क्षणी. ‘‘तुम्हांला माझे म्हणणे कळलेच नाही,’’ असे समोरचा बोलून गेला, तर सामान्य संबंधात मने दुखावतात. चांगला उपचारक तेथे थांबतो, स्वतःचे चुकले असल्यास ते मान्य करतो आणि पुन्हा ऐकू लागतो. आपण रागावलो तरी समोरचा माणूस आपल्याला टाकीत नाही, हा अनुभव कित्येकांना आयुष्यात प्रथम तेथेच येतो.

मोहाची जागा मात्र येथेच आहे. जो इतका विसंबू लागला, त्याला विसंबूनच राहू देणे उपचारकाच्या फायद्याचे असते. म्हणून या नात्याची नीती अखेर निरोपात दिसते. गिऱ्हाईक पुन्हा यावे म्हणून व्यापारी झटतो. त्याला पुन्हा यावे लागू नये म्हणून जो झटतो, त्याची आस्था विकाऊ कशी म्हणावी?