आधी सप्लाय, मग रोबो

चि. सोहम,


तुझा व्हिडिओ पाहिला. गाडी पुढे सरकते, सर्वो मान वळवायला लागते आणि नेमका त्याच वेळी बोर्ड पहिल्यापासून सुरू होतो. प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा तपासलास म्हणतोस. आता त्याला हात लावू नकोस. दोष त्या चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटरीत आहे. सर्वो हलायला लागताना क्षणभर अर्धा-पाऊण अँपिअर ओढते आणि ती बॅटरी मल्टिमीटरसारख्या अल्पाहारी यंत्रांसाठी केलेली असते. व्होल्टेज कोसळलं की बोर्डाला भोवळ येते. तुझ्या मीटरवर हे दिसणार नाही, कारण त्याचे आकडे सेकंदाला दोन-तीनदाच बदलतात. घसरण त्याआधीच होऊन जाते. सर्वोला चार पेन्सिल सेलचा वेगळा डबा दे. मात्र त्या डब्याचा मायनस आणि बोर्डाचा ग्राउंड एकमेकांना जोड, नाहीतर सिग्नलला परतीची वाटच राहत नाही.

गाडी चालेल. त्यानंतर काही दिवस नवं मोड्यूल, नवा सेन्सर काही मागवू नकोस. स्वतःच्या हाताने पाच व्होल्टचा सप्लाय बांध. मोबाइलचा जुना चार्जर पाच व्होल्ट देतोच, मग हा खटाटोप कशाला, असं तू म्हणशील. व्होल्ट मिळण्यापुरतं बोलायचं तर तुझं खरंच आहे. पण मी आयटीआयमध्ये शिकवत असताना पाहिलंय, की सप्लाय ज्याला हिशेब करून बांधता येतो, त्याला पुढचं सर्किट पाहून जोडावं लागत नाही, वाचता येतं.

पेन्सिल घेऊन बस. ट्रान्सफॉर्मर नऊ व्होल्टचा, एक अँपिअरचा घे. नऊ हा आरएमएस आकडा. लाटेचं शिखर त्याच्या १.४१४ पट, म्हणजे सुमारे १२.७ व्होल्ट. एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडच्या ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोड वाटेत येतात, ते मिळून १.४ खातात. उरले ११.३. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ब्रिजनंतर सेकंदाला १०० शिखरं येतात. दोन शिखरांमधले दहा मिलिसेकंद सगळा भार कपॅसिटरने एकट्याने ओढायचा. अर्धा अँपिअर घेतलास, तर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तेवढ्या वेळात सुमारे पाच व्होल्टने उतरतो आणि सहाच्या आसपास येतो. व्होल्टेज पाचावर स्थिर धरणाऱ्या ७८०५ या रेग्युलेटर आयसीला मात्र पाच द्यायला निदान सात लागतात. तेवढे मिळाले नाहीत की आउटपुटमध्ये खड्डे पडतात आणि स्पीकर जोडला असेल तर तो गुरगुरतो. २२०० मायक्रोफॅरडचा घातलास तर घसरण सव्वादोन व्होल्टवर येते. पुष्कळ तयार सर्किटांत १००० छापलेला असतो. एलईडी पेटवायला तो पुरतो, म्हणून चूक कुणाच्या लक्षात येत नाही. कपॅसिटर २५ व्होल्टचाच घे. भार नसताना व्होल्टेज हिशेबापेक्षा वर जातं. अंगावरचा पट्टा मायनस दाखवतो. उलटा जोडलास तर फुटतो, आणि तोंड त्याच्यावर वाकवलेलंच असतं.

आता उष्णता. ७८०५ वर सरासरी दहा व्होल्ट येतात, पाच बाहेर जातात, उरलेल्या पाचांची अर्ध्या अँपिअरला अडीच वॉट उष्णता होते. हीटसिंक नसेल तर दर वॉटला आतली चिप सुमारे ६५ अंशांनी तापते. म्हणजे ती थोड्याच वेळात स्वतःला बंद करून घेणार, थंड झाली की पुन्हा सुरू होणार. अशी चालू-बंद खेळणारी आयसी खराब समजून फेकणारे मी कितीतरी पाहिले. बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतलास तर ही उष्णता जवळजवळ दुप्पट होते, तेव्हा ‘जास्तीचा घे, बरा पडतो’ हे दुकानदाराचं म्हणणं कानाआड कर. ७८०५ चा धातूचा पत्रा ग्राउंडला असतो, त्यामुळे हीटसिंकला सरळ कसता येतो. उणे पाच व्होल्ट देणाऱ्या ७९०५ चं तसं नाही, त्याचा पत्रा इनपुटला असतो; दिसायला दोघे जुळे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

सामानाला ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जा. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग दिसला तर गोंधळू नकोस. रेझिस्टर सुटे नगावर न घेता एकेका किमतीचे दहा-दहा घे. १एन४००७ डायोड मूठभर घे, ते नेहमी लागतात. पॉवर ट्रान्झिस्टर वाजवीपेक्षा स्वस्त मिळाला तर संशय धर. खरवडून नवे आकडे छापलेला मालही खपवला जातो. आणि हे सर्किट ब्रेडबोर्डवर ठेवू नकोस, झीरो पीसीबीवर सोल्डर कर. ब्रेडबोर्डच्या सैल क्लिपा अर्धा अँपिअर कुरकुरत नेतात. सोल्डर आयर्नला चिकटवून मग सांध्यावर टाकायचं नाही. आधी तार आणि पॅड दोन्ही तापव, मग सोल्डर लाव. ते चमकदार पसरलं तर सांधा पक्का, गोळा बसला तर ड्राय सोल्डर.

२३० व्होल्टची बाजू बाबा घरी असतील तेव्हा त्यांनाच जोडायला सांग. फेजच्या तारेत फ्यूज, प्रत्येक सांध्यावर स्लीव्ह, डबा धातूचा असेल तर त्याला अर्थिंग. यात सूट नाही. ट्रान्सफॉर्मर वगळून नुसत्या कपॅसिटरने मेनची वीज उतरवणारं स्वस्त सर्किट कुणी दाखवलं, तर घरात आणू नकोस. त्याची पाच व्होल्टची पिनसुद्धा मेनशी थेट जोडलेली असते. नुसतं बोट लागलं तरी जीव जाऊ शकतो.

झालं की तीन ठिकाणी मीटर लाव: ट्रान्सफॉर्मरच्या टोकांना एसीवर, कपॅसिटरवर डीसीवर, आउटपुटवर डीसीवर. आधी भाराशिवाय, मग दहा ओहमचा पाच वॉटचा रेझिस्टर जोडून. तो चांगलाच तापेल, हात लावू नकोस. सहाही आकडे मला लिहून पाठव. कपॅसिटरवरचा आकडा माझ्या हिशेबाशी जुळला नाही, तर का जुळला नाही तेही तूच शोधून लिही.

तुझी,
आत्या