जीर्ण पोथीचं काय करायचं?



मार्गशीर्ष लागला की आमच्या घरी पहिलं काम म्हणजे माळ्यावरची शिसवी पेटी खाली काढायची. पेटीत लाल बासनात बांधलेली श्रीगुरुचरित्राची हस्तलिखित पोथी आहे. जाड हातकागदाची सुटी पानं, वर-खाली दोन लाकडी फळ्या, बोरूनं काढलेलं टपोरं अक्षर. शेवटच्या पानावर ‘शके १७६४, शुभकृत् नाम संवत्सरे’ असं लिहिलंय, म्हणजे इसवी सन १८४२. दत्तजयंतीच्या सप्ताहात हीच पोथी वाचायची, असा घराण्याचा शिरस्ता.

गेल्या वर्षी सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी पान उलटताना ते मधोमध मोडलं. फाटलं नाही हो, मोडलं. पापड मोडतो तसं. वाचन थांबलं. थोरले बंधू, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं, हात जोडून म्हणाले, “आता पुरे झालं. पोथीनं आपलं काम केलं. पौर्णिमा झाली की वाडीला नेऊ आणि कृष्णामाईत सोडू.” पुतण्या पुण्याला नोकरीला असतो. तो म्हणाला, “काका, असं कसं? ही संग्रहालयात द्यायची वस्तू आहे. आता हिला हातही लावायचा नाही.” दोघांनी माझ्याकडे बघितलं. मला उत्तर सुचलं नाही. वर्षभर या प्रश्नानं माझी पाठ सोडली नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. वाचकांपैकी अनेकांच्या देवघरात अशी एखादी पोथी, टवके गेलेला टाक किंवा झिजलेल्या पादुका असतील. तिथेही हाच प्रश्न आज ना उद्या उभा राहणार आहे.

आधी माझा अपराध सांगतो. तरुणपणी, नोकरी लागल्यानंतरच्या पहिल्याच दत्तजयंतीला, मला दिसलं की चौदाव्या अध्यायाची पानं कडेला फाटली आहेत. रोज वाचला जाणारा अध्याय, त्यामुळे सगळ्यांत जास्त हाताळलेली पानं तीच. मी कचेरीतून चिकटपट्टी आणली आणि मोठ्या भक्तीनं तीन ठिकाणी लावली. त्या दिवशी आईनं माझं कौतुक केलं. आज त्या पट्ट्या तपकिरी पडल्या आहेत, त्यांचा डिंक कागदात मुरलाय आणि खालची अक्षरं तेलकट डागात बुडाली आहेत. पावणेदोनशे वर्षांत कसर, वाळवी आणि पावसानं जे केलं नाही, ते मी पाच मिनिटांत केलं. आणि श्रद्धेनं केलं, हे जास्त बोचतं.

जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते. ग्रंथ लिहून झाला की नकलाकार शेवटी दोन ठरावीक संस्कृत श्लोक लिहीत. एकात तो सांगतो, की पाठ, कंबर आणि मान मोडून, खाली बघून बघून मोठ्या कष्टानं हे लिहिलंय, तेव्हा जिवापाड सांभाळा. दुसऱ्यात पोथी स्वतःच बोलते: मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. लहानपणी आम्ही या श्लोकाला हसायचो. आता शेवटच्या पानापाशी आलो की मान खाली जाते. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून आमच्या घरानं तिला राखलं. चौथं राहिलं, आणि तो चौथा मी.

हे राखलं कोणी, तेही सांगितलं पाहिजे. आमच्याकडे बायकांनी गुरुचरित्र वाचायचं नाही, अशी रीत होती. आजीनं उभ्या आयुष्यात त्यातली एक ओवी वाचली नाही. पण पाऊस सरला की पोथी बाहेर काढून सावलीत वाऱ्यावर ठेवायची (उन्हात नाही, त्यावर तिचा फार कटाक्ष), प्रत्येक पान मऊ फडक्यानं टिपायची, बासनात वेखंडाचे नवे तुकडे घालायची आणि दोरा ओढून बांधायची, हे सगळं तीच करायची. वाचणारे पुरुष पोथीचे मालक म्हणवत आणि न वाचणारी आजी तिची राखण करी. या रीतीबद्दल कोणाचं काहीही मत असो. सांभाळायला मालकी लागत नाही, एवढं मला तिच्याकडे बघून कळलं. आपल्या पिढीकडे पोथी आली ती ठेव म्हणून. मधल्या माणसानं ठेवीत भर घातली नाही तरी चालेल, पण ज्याचं द्यायचं त्याला ती द्यायची असते.

पुतण्याच्या ओळखीनं पुण्यात पोथ्यांची दुरुस्ती करणाऱ्या एका बाईंकडे गेलो. त्यांनी आधी अर्धा तास पोथीला हात न लावता नुसती बघितली. मग म्हणाल्या, “आमच्या कामाचे नियम तुमच्या सोवळ्यासारखेच असतात. गरजेपेक्षा जास्त करायचं नाही. आज केलेलं उद्या कोणाला काढता आलं पाहिजे. आणि काय केलं ते लिहून ठेवायचं.” मोडलेल्या पानाला त्या पातळ जपानी कागद लावतात, तोही गव्हाच्या खळीनं. खळच का? तर उद्या याहून चांगला उपाय निघाला, की ओल देऊन ती सोडवता येते. माझी चिकटपट्टी सोडवता येत नाही, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं पानही सोडवता येत नाही. त्यांनी आणखी एक दाखवलं. काही ओळींवर पिवळा लेप होता. तो हरताळ. नकलाकाराची चूक झाली की त्यावर हरताळ लावून वर पुन्हा लिहीत. ‘हरताळ फासणे’ आपण नेहमी म्हणतो, ते इथून आलं. मी विचारलं, “हे पुसून मूळ अक्षर बघता येईल का?” त्या म्हणाल्या, “बघून काय करणार? ती चूक आणि ती दुरुस्ती, दोन्ही त्याचीच आहेत.”

आज केलेलं उद्या सोडवता यावं, हा नियम ऐकताच नाथमहाराज आठवले. जनार्दनस्वामींचे शिष्य, म्हणजे आपल्या दत्तपरंपरेतलेच. शके १५०६ मध्ये, १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. जागोजागच्या प्रती गोळा केल्या, घुसलेले अपपाठ काढले, आणि स्वतःची एकही ओवी त्यात घातली नाही. भागवतावर हजारो ओव्या लिहिणारा हा माणूस! त्याला एक ओवी घालणं काय जड होतं? पण शेवटी त्यांनी बजावलं, की यात जो स्वतःची ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखं होईल. सांभाळणाऱ्यानं आपली प्रतिभा दाराबाहेर ठेवायची असते. आज गावोगावी जुनी देवळं ‘सुधारताना’ कोरीव दगडावर ऑइलपेंट फासतात, काळ्या पाषाणाच्या गाभाऱ्यात चकचकीत फरशी बसवतात, तेव्हा हीच नरोटी दिसते. करणाऱ्यांची भक्ती खोटी नसते. माझीही नव्हती.

मूर्तींच्या बाबतीत हे आणखी अवघड होतं. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचं २०१५ मध्ये रासायनिक संवर्धन झालं, पंढरपूरला २०२० मध्ये विठ्ठल-रखुमाईच्या मूर्तींना लेप दिला. दोन्ही वेळा लोकांत चर्चा झाली, आणि व्हायलाच हवी. वज्रलेप ही काही आजची कल्पना नाही. वराहमिहिरानं बृहत्संहितेत त्याची कृतीच दिली आहे: टेंभुर्णीची कच्ची फळं, कच्चं कवठ, सावरीची फुलं, वेखंड वगैरेंचा काढा आटवायचा, त्यात गुग्गुळ, राळ असे चिकट पदार्थ घालायचे आणि लेप गरम असताना लावायचा. आजीचं वेखंड तिथेही आहे, बघा! पण वज्रलेप लागतो कशामुळे? पंचामृतानं, पाण्यानं आणि लाखो हातांच्या स्पर्शानं. म्हणजे झीज झाली ती भक्तीनंच. विठोबाचे पाय झिजले म्हणून कोणाला दोष द्यायचा? ती झीज हाही भक्तीचा इतिहासच. तरी पुढच्या पिढीच्या माथ्याला टेकायला पाय उरले पाहिजेत, म्हणून आपल्या पिढीनं दुधाची धार थोडी आवरायची, हे मला न्यायाचं वाटतं. आणि वणीच्या सप्तशृंगीचं काय झालं? २०२२ मध्ये वर्षानुवर्षं साचलेला शेंदराचा लेप काढला आणि आत मूळ पाषाणरूप दिसलं. कोणी म्हणालं, आई प्रकट झाली. कोणाला चुकल्यासारखं वाटलं, कारण त्यांच्या आजीनं हात जोडले होते ते शेंदरातल्या रूपाला. माझं म्हणाल तर दोघंही खरं बोलत होते.

आता अण्णांचं म्हणणं. ते मी उडवून लावत नाही. मी त्यांना तो श्लोक दाखवला आणि म्हणालो, “पोथीच सांगते पाण्यापासून जप, आणि आपण तिला पाण्यातच सोडायचं?” अण्णा शांतपणे म्हणाले, “अरे, माणसाला जन्मभर आगीपासून जपतोच ना आपण? आणि शेवटी कुठे ठेवतो?” यावर मी निरुत्तर झालो. शास्त्रही त्यांच्या बाजूनं आहे. जीर्ण झालेली लाकडी मूर्ती अग्नीला द्यावी, पाषाणाची पाण्यात सोडावी, असं अग्निपुराण सांगतं. वस्तूलाही अंत असतो, आणि तो मानानं व्हावा, ही केवढी मोठी समज आहे! काचेच्या कपाटात, क्रमांक चिकटवलेली, जिच्यासमोर कोणी निरांजन लावत नाही अशी पोथी टिकली खरी. पण पोथी म्हणून टिकली का?

शिवाय आपण दत्तभक्त. अवधूतानं यदुराजाला चोवीस गुरू सांगितले, त्यांत मधमाशी आहे. साठवते आणि साठ्यापायी नाश पावते. मग आम्ही हे साठवणं का करावं? एकादश स्कंधातला तो भाग मी पुन्हा वाचला. तिथे भ्रमरही आहे. तो फुलाफुलातून थोडंथोडं घेतो आणि फुलाला दुखवत नाही. अण्णा मला मधमाशीची भीती घालत होते, पुतण्या तर पोळंच कुलपात ठेवायला निघाला होता, आणि भ्रमराकडे आम्ही तिघांनीही बघितलं नव्हतं.

आणि नृसिंह सरस्वती महाराजांनी गाणगापूर सोडलं तेव्हा मागे काय ठेवलं? पादुका. निर्गुणाचा बोध करणाऱ्या सद्गुरूंनीही भक्तांसाठी एक खूण ठेवलीच. वाडीला कृष्णेचा पूर चढतो, पाणी गाभाऱ्यात शिरून मनोहर पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणद्वारानं बाहेर पडतं, तेव्हा त्या पाण्यात स्नानाला माणसं धावतात. पाण्याला अडवा असं कोणी म्हणत नाही. पण उत्सवमूर्ती मात्र पुजारी मंडळी वेळेवर वरच्या बाजूला हलवतात. काय पाण्यात राहू द्यायचं आणि काय उचलून न्यायचं, हे त्यांना ठाऊक असतं. हा विवेक पुस्तकातून येत नाही, सेवेतून येतो.

शेवटी मी अण्णांना एकच विचारलं. “विसर्जन आज केलं नाही तर उद्या करता येईल. आज केलं, आणि उद्या वाटलं की चुकलं, तर?” ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पण कुलपात नको.”

तेवढ्यावर जमलं. पुतण्यानं दोन दिवस बसून पानन् पान कॅमेऱ्यानं टिपलं. बाईंनी मोडलेलं पान खळीनं सांधलं. माझ्या तीन पट्ट्यांपैकी दोन निघाल्या. तिसरी काढली तर अक्षर सुटून येईल म्हणाल्या, तेव्हा ती तशीच आहे. काय काय केलं त्याचा कागद पेटीत ठेवलाय, त्यात माझं नावही घातलंय.

यंदाचा सप्ताह छापील पोथीवर होईल. जुनी पोथी चौरंगावर उघडी नसेल, बासनातच असेल. गंध-फूल तिच्यावर न वाहता पुढच्या ताम्हनात. सातव्या दिवशी समाप्तीला मात्र बासन सोडायचं आणि एक पान त्यातून वाचायचं. कोणतं, ते अण्णा ठरवतील. वेखंड परवाच आणलं. सूनबाई विचारत होती, हे कुटून घालायचं की तुकडे. तुकडे, म्हटलं.

अण्णा बाजूलाच बसले होते. म्हणाले, “वाडीचं मी सोडलेलं नाही हं. फक्त घाई नाही.”