गार इंजिनाचा आवाज

पहाटे चौलच्या आमच्या वाडीत पद्मिनी सुरू केली की पहिली दोन-तीन मिनिटं इंजिनातून टकटक ऐकू येते. पत्र्यावर सुपाऱ्या पडाव्यात तशी, पण एका लयीत. इंजिन तापलं की ती आपोआप विरते. या आवाजावरून मी एका माणसाला चारचौघांत नालायक ठरवलं. ते लिहून काढल्याशिवाय आता मला त्या गाडीत बसवत नाही.

गाडी वडिलांची. प्रीमियर पद्मिनी, चार सिलिंडर, १०८९ सीसी, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. तिच्यातून सुपारीची पोती अलिबागला गेली, शेजारच्या बाळंतिणी सिव्हिल हॉस्पिटलला गेल्या, आणि शेवटी वडीलही तिच्यातूनच दवाखान्यात गेले. त्यांच्यामागे ती शेडमध्ये उभी राहिली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. पोफळी काडीसारख्या मोडल्या, एक माड शेडवर आडवा झाला आणि तो पावसाळा बॉनेटवर कोसळत राहिला. खारी हवा होतीच. इंजिन जाम झालं.

तीन वर्षं मी तिकडे पाहिलंही नाही. मग २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोक हळहळले. मला तेव्हा एकदम आठवलं की आपल्याकडे एक आहे. वडिलांची आठवण म्हणून गाडी उभी करतोय, असं मी सगळ्यांना सांगितलं. त्यात खरं किती होतं, हे आज तपासतो तेव्हा निम्म्यावर जात नाही. लोकांनी वळून पाहावं, थांबून विचारावं, हे मला हवं होतं.

मिस्त्री वडिलांच्या वेळचेच. रेवदंड्याच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज आहे. त्यांनी प्लग काढून चारही भोकांत डिझेल ओतलं, चार दिवस मुरू दिलं आणि मग फ्लायव्हीलला टॉमी लावून इंजिन केसभर हलवलं. हेड उघडलं तर दोन सिलिंडरांच्या भिंतींवर गंजाची कडी बसलेली. त्यांनी बोअरगेज आत सोडून वर, मध्ये, खाली, आडवं-उभं असं प्रत्येक सिलिंडर मोजलं आणि खडूने आकडे ब्लॉकवरच लिहिले. म्हणाले, "दादा, ०.६ ओव्हरसाइझला जावं लागेल. मुंबईत माझ्या ओळखीच्याकडे जुना सेट पेटीत पडलाय, कोरा. साडेनऊ हजार सांगतो. तो आणू."

तो सेट ओतीव पिस्टनांचा होता. कारखान्यातून ही गाडी ओतीव पिस्टन घेऊनच निघाली आणि त्यांवरच वर्षानुवर्षं धावली. पण मला घडीव हवे होते. वितळलेला धातू साच्यात ओतला की ओतीव पिस्टन. तापवलेला गट्टू प्रचंड दाबाखाली साच्यात दाबून आकाराला आणला की घडीव. घडीव पिस्टनाचा धातू दाट बसतो, तो मार सहन करतो. शर्यतीच्या गाड्यांना, टर्बो लावलेल्या इंजिनांना तो लागतो. चाळीसच्या आसपास अश्वशक्तीचं आमचं इंजिन; चौल ते अलिबाग, फार तर मांडव्याच्या जेट्टीपर्यंत जाणार. त्याला घडीव पिस्टनाची गरज काय होती? काही नव्हती. तरी मी परदेशातल्या एका कंपनीला मापं पाठवून चार पिस्टन मुद्दाम बनवून घेतले. रिंगा, पिना, भाडं, कस्टम ड्यूटी धरून सव्वा लाखाच्या घरात गेलं. घरी बायकोला सांगितलं, "या गाडीचे पिस्टन आता मिळतच नाहीत." ते पहिलं खोटं.

मापांचंही तसंच. मी जुना पिस्टन घेऊन व्हर्नियर लावत बसलो होतो. मिस्त्री मागून आले आणि म्हणाले, "वरनं नका मोजू. स्कर्टवर मोजा, पिनेच्या काटकोनात. आणि हा झिजलेला आहे, याच्यावर विसंबू नका." पिनेचा व्यास, पिनेपासून माथ्यापर्यंतची उंची, कनेक्टिंग रॉडची लांबी, सगळं त्यांनी मायक्रोमीटरने पुन्हा घेतलं. फॉर्मवर आकडे मी लिहिले, मापं त्यांची होती. त्या कामाचे पैसे त्यांनी मागितले नाहीत आणि मी विचारलं नाही. पिस्टन हातात येईपर्यंत त्यांनी ब्लॉक बोरिंगला पाठवू दिला नाही. मी घाई करत होतो. "आधी पिस्टन येऊ दे, मग प्रत्येकाच्या मापाने बोअर," एवढंच ते म्हणत राहिले. नऊ आठवडे थांबलो, आणि त्यांचंच बरोबर होतं.

इंजिन बांधून झालं. सकाळी गॅरेजात सुरू केलं आणि टकटक ऐकू आली. दोन गिऱ्हाइकं उभी होती. मिस्त्री म्हणाले, "तापू दे दादा, जाईल." मी ऐकलं नाही. सव्वा लाखाचा माल तुमच्या हातात दिला आणि तुम्ही फट जास्त ठेवलीत, आता वय झालं, हात राहिला नाही, असं मी त्यांना त्या दोघांसमोर बोललो. मजुरी चौदा हजार ठरली होती. त्यातले चार हजार राखून ठेवले. मिस्त्रींनी हात पुसले आणि चावी माझ्या हातात दिली. एक शब्द बोलले नाहीत.

पिस्टनांच्या खोक्यात कंपनीचा कागद होता. तो मी त्याआधी कधीच नीट वाचला नव्हता. मिस्त्रींनी आपल्या नातवाकडून वाचून घेतला होता, हे मला नंतर कळलं. महिन्याभराने मी तो उघडला. या घडीव पिस्टनांच्या मिश्रधातूत सिलिकॉन नावापुरतं असतं, म्हणून तो तापल्यावर ओतीवापेक्षा जास्त फुगतो. ओतीव पिस्टनाला जिथे चार शतांश मिलिमीटर फट पुरते, तिथे याला सात-आठ शतांश द्यावी लागते. गार असताना पिस्टन त्या फटीत डोलतो आणि भिंतीवर आपटतो. तापला की बसतो. तेवढी फट नसती तर पिस्टन पहिल्याच चढावर सिलिंडरला चिकटला असता. म्हणजे मिस्त्रींनी कागदाप्रमाणे, शतांशाच्या हिशेबाने काम केलं होतं. आवाज माझ्या हौसेचा होता.

परक्या देशातल्या ज्यांना मी कधी पाहिलं नाही त्यांना पूर्ण पैसे आगाऊ भरताना माझा हात अडखळला नाही. ज्यांच्या नखांतलं काळं मी लहानपणापासून पाहत आलो, त्यांचे चार हजार मात्र मी दाबून ठेवले. घडीव पिस्टनाची किंमत छापील होती म्हणून मी ती मानली. मिस्त्रींच्या बोटांची किंमत कुठे छापलेली नव्हती, म्हणून मी ती ठरवायला बसलो. वडिलांच्या डायरीत गाडीच्या प्रत्येक कामापुढे तारीख आहे आणि तिच्यापुढे "रोख दिले". एकाही ठिकाणी बाकी नाही. मी त्यांची गाडी चालू केली आणि त्यांच्याच मिस्त्रीची बाकी ठेवली.

बायकोला खरं सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मला सांगितलंस ते ठीक. त्यांना सांगितलंस का?"

गेल्या सोमवारी चार हजार आणि मापं घेतल्याचे वेगळे पैसे देऊन आलो. मिस्त्रींनी मापांचे परत केले, मजुरीचे खिशात ठेवले आणि चहा सांगितला. तेव्हा गॅरेजात आमच्याशिवाय कोणी नव्हतं. त्या दोन गिऱ्हाइकांपैकी एकजण आग्रावचा, एक नागावचा. त्यांची घरं मला माहीत आहेत. चूक माझी होती, हे त्यांच्यासमोर मी अजून बोललेलो नाही.