ऋण कुणाचं?

आमचं शेत संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. पिकाला दिलं तर जमीन दगडासारखी आवळते. म्हणून शेततळं खोदलं, पावसाचं गोड पाणी साठवलं. अनुदान ‘पोकरा’चं, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचं. त्यासाठी २०१८ साली जागतिक बँकेनं ४२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. वॉशिंग्टनची बँक, मुंबईचं सरकार, गावातली समिती, आणि या सगळ्यांच्या शेवटी माझी तूर.

अनुदान मला फेडायचं नाही. कर्ज सरकारच्या नावावर. पण ऋण? शतपथ ब्राह्मण सांगतं की माणूस जन्मतःच ऋणी असतो: देवांचा, ऋषींचा, पितरांचा आणि माणसांचाही. पहिली तीन ऋणं कीर्तनात सारखी ऐकू येतात, चौथं क्वचितच. ते फेडायचं माणसांना आसरा देऊन, जेवू घालून. व्याजदर, मुदत काही नाही.

बँकेच्या भाषेत उत्पादकता म्हणजे एकरी किती पिकलं. बरोबरच आहे, क्विंटल मोजल्याशिवाय माझंही घर चालत नाही. पण ज्याचं देणं लागतो तो माणूस त्या मापात बसत नाही.

मागं पावसानं खंड दिला, तेव्हा शेजाऱ्यानं फवारणीपुरतं पाणी मागितलं. मी आधी तळ्याकडं पाहिलं, मनात हिशेब केला, मग हो म्हटलं. त्यानं तो थांबलेला क्षण पाहिला होता. ड्रम भरून तो न बोलता गेला.