फोन ‘बदलायचा झाला’, म्हणजे नेमके काय झाले?

विजेचे बिल देय असते. विम्याचा हप्ता देय असतो. पतपेढीच्या कर्जाचा हप्ता तर देय होण्याआधीच आठवणीत ठाण मांडून बसतो. या सर्व ठिकाणी आपण कुणाकडून काहीतरी घेतलेले असते आणि म्हणून कुणाचे तरी देणे लागतो. पण आजकाल आपण हातातल्या फोनबद्दलही तसेच बोलू लागलो आहोत. ‘तीन वर्षं झाली, आता बदलायचा झालाय.’ जणू काही देणे थकले आहे! हे देणे कुणाचे, असा प्रश्न मात्र घरात कुणी विचारत नाही.

मुळात ही कल्पना आपल्याकडची नाही. अमेरिकेत फोन कंपन्या दोन वर्षांचा करार करून महागडा फोन स्वस्तात देत. करार संपला की ग्राहक नव्या फोनला ‘पात्र’ होई. 2013 पासून तेथील मोठ्या कंपन्यांनीही असे करार एकेक करून बंद केले. आपल्याकडे तर बहुतेकांचे सिमकार्ड प्रीपेड, आणि फोन दुकानातून स्वतंत्रपणे विकत घेतलेला. म्हणजे आपल्या फोनला अशी ठरलेली तारीख कधी नव्हतीच. ती आता गणपती, दसरा-दिवाळी आणि नाताळचे सेल ठरवतात, किंवा ईएमआयचा शेवटचा हप्ता फिटताच येणारा तो गोड संदेश ठरवतो. एक ओझे उतरले म्हणून सुस्कारा सोडावा, तोच दुसरे दारात उभे!

मग फोन खरोखर जुना होतो तरी केव्हा? सर्वात आधी म्हातारी होते ती बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी जितक्या वेळा भरावी आणि रिकामी करावी तितकी तिची धारणशक्ती घटत जाते. हा रसायनाचा धर्म आहे, कंपनीचा दोष नव्हे. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून असा नियम लागू झाला आहे की 800 वेळा पूर्ण भरून झाल्यावरही बॅटरीत मूळ शक्तीच्या किमान 80 टक्के शक्ती उरली पाहिजे. सुटे भागही वर्षानुवर्षे मिळत राहिले पाहिजेत, असे तेथे ठरले आहे. थकलेली बॅटरी बदलता येते आणि तिचा खर्च नव्या फोनच्या मानाने थोडा असतो. डिसेंबर 2017 मध्ये अ‍ॅपल कंपनीने मान्य केले की बॅटरी जुन्या झालेल्या काही आयफोनचा वेग तिनेच कमी केला होता. फोन अचानक बंद पडू नयेत हा त्यामागचा हेतू, असे तिचे म्हणणे. कारण खरे असेलही. पण ग्राहकाला ते सांगितले नव्हते, आणि याच कारणासाठी 2020 मध्ये फ्रान्समध्ये कंपनीला अडीच कोटी युरो दंड भरावा लागला. ज्याचा फोन मंद झाला होता, त्याला वाटले असणार की फोनच संपला. बॅटरी बदलली की काम भागते हे त्याला ठाऊक असते, तर त्याने तेवढेच केले असते. आपल्याला हा प्रसंग फार बोलका वाटतो. ‘बदलायचा झाला’ हे अनेकदा आपल्या अज्ञानाचेच दुसरे नाव असते.

दुसरी गोष्ट मात्र खरोखरीची मुदत आहे. फोनला कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट मिळणे कधीतरी थांबते. ज्या फोनवर बँकेचे खाते आणि यूपीआय आहे, तो असा उघडा ठेवणे शहाणपणाचे नाही. येथे बदल हा हौसेचा नसून सावधगिरीचा भाग ठरतो. गूगलने 2023 च्या पिक्सेल 8 पासून आणि सॅमसंगने 2024 च्या गॅलेक्सी एस24 पासून सात वर्षे अपडेट देण्याचे वचन दिले. स्वस्त फोनांना ते पुष्कळ कमी वर्षे मिळतात. आणखी एक बाब दुकानदार क्वचितच सांगतो. ही वर्षे सहसा तो फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजली जातात, आपण विकत घेतला त्या दिवसापासून नव्हे. सेलमध्ये निम्म्या किमतीला मिळालेल्या दोन वर्षांपूर्वीच्या फोनचे निम्मे आयुष्य कदाचित गोदामातच सरलेले असते. तेव्हा कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी विचारायचा प्रश्न हा.

येथवर हा विषय केवळ व्यवहाराचा वाटेल. पण फोनमध्ये काही ग्रॅम कोबाल्ट असते, आणि जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येते. बरेचसे मोठ्या यांत्रिक खाणींतून येते हे खरे. तरी कोल्वेझीच्या परिसरात हाताने खणणारे हजारो लोक आहेत, आणि त्यांच्यात मुलेही काम करतात हे अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने 2016 च्या अहवालात पुराव्यानिशी मांडले. त्याच देशाच्या पूर्वेला रुबाया येथे कोल्टन निघते. त्यातून मिळणारा टँटलम हा धातू फोनच्या सूक्ष्म भागांत वापरतात. 2024 मध्ये त्या खाणी एम23 या बंडखोर गटाने ताब्यात घेतल्या. दिवंगत पोप फ्रान्सिस जानेवारी 2023 च्या अखेरीस किन्शासाला गेले, तेव्हा आफ्रिकेला खाण समजून ओरबाडणे थांबवा, असे त्यांनी जगाला बजावले होते. ते ज्या जगाला बजावत होते त्यात आपलेही खिसे येतात.

मग फोन घेणे पाप आहे का? या प्रश्नाला ‘होय’ म्हणणे सोपे, आणि ‘आपण काय करणार?’ म्हणून हात झटकणे त्याहून सोपे. कॅथलिक नीतिशास्त्राने यासाठी एक जुना भेद जपून ठेवला आहे. अठराव्या शतकात संत अल्फोन्स लिगोरी यांनी तो विस्ताराने मांडला. दुसऱ्याच्या दुष्कृत्याला मनाने संमती देणे वेगळे, आणि मनात संमती नसताना आपल्या कृतीने त्याला हातभार लागणे वेगळे. हा हातभारही जवळचा असू शकतो किंवा दूरचा. मुलाला खाणीत उतरवणारा मुकादम आणि वसईच्या बाजारात फोन घेणारी गृहिणी एका मापाने मोजता येत नाहीत. तिचा हातभार फार दूरचा आहे, मधे दलाल, शुद्धीकरण कारखाने, बॅटरीवाले, जोडणी कारखाने अशी लांबलचक साखळी आहे. असा दूरचा हातभार क्षम्य ठरतो, पण त्यासाठी तोलामोलाचे कारण हवे.

आमच्या मते सारा प्रश्न या ‘तोलामोलाच्या कारणा’पाशी येऊन थांबतो. कॅनडात गेलेल्या नातवाचा चेहरा पाहू इच्छिणाऱ्या आजीचे कारण भक्कम आहे. दिसत नाही म्हणून फोनकडून पत्रे वाचून घेणाऱ्या बांधवाचे कारण त्याहून भक्कम. लग्नसमारंभाचे फोटो काढून पोट भरणाऱ्या तरुणाला उत्तम कॅमेरा लागतो, त्याला साधेपणाचे प्रवचन देणे हा अन्यायच. आणि केवळ सुंदर वस्तू हवीशी वाटली, यातही लगेच पाप शोधू नये. माणूस सौंदर्यासाठीही घडलेला आहे. परंतु ‘शेजारच्या मुलाकडे नवा आला’ हे कारण त्या तराजूत घालून पाहावे. तराजू हलतो का?

कुणी म्हणेल, आपण फोन घेणे थांबवले तर त्या खणणाऱ्याच्या घरची चूल विझेल. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच बहिष्कार हे उत्तर आम्हाला पटत नाही. पण त्याच्या चुलीची काळजी आपल्याला नेमकी खरेदीच्या वेळीच आठवावी, याचे थोडे हसू येते. धोका पत्करून काढलेली वस्तू दोन वर्षांत खणात टाकली, तर त्याच्या श्रमाचा मान राखला असे कसे म्हणता येईल?

पैशाचेही थोडे बोलले पाहिजे. ‘शून्य व्याज’ अशी काही चीज नसतेच, असे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना स्पष्ट कळवले होते. ते व्याज किमतीत वा सवलतीत कुठेतरी दडलेले असते. घरात मुलांची फी थकलेली असताना हप्त्यावर आलेला फोन घरातल्या इतरांच्या ताटातून काढून घेतलेला असतो.

आणि जुना फोन? तो आपण मोठ्या मनाने आईला देतो, नाहीतर घरकाम करणाऱ्या ताईंना देतो. हेतू चांगला असतो. पण ज्याचे सुरक्षा अपडेट थांबले म्हणून आपण तो धोक्याचा मानला, तोच फोन पेन्शनचे खाते वापरणाऱ्या आईच्या हाती कसा द्यावा? फसवणुकीचा फोन सर्वात आधी तिलाच येतो. द्यायचा असेल तर अपडेट चालू असतानाच द्यावा, बॅटरी बदलून द्यावा. नपेक्षा तो केवळ गाण्यांसाठी, प्रार्थनेच्या ध्वनिमुद्रणांसाठी ठेवावा आणि बँकेचे अ‍ॅप त्यावर टाकू नये.

जे फोन खणात पडून आहेत, त्यांचेही पाहावे. 2022 मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, आणि त्यातला पाव हिस्साही रीतसर गोळा झाला नाही. उरलेल्यापैकी पुष्कळसा उघड्यावर जाळून, आम्लात बुडवून फोडला जातो, आणि ते काम करणारे हातही गरिबांचेच असतात. आपल्या देशात 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या नियमांनी ही जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा सिमकार्ड व मेमरी कार्ड काढून, खात्यांतून बाहेर पडून, सर्व माहिती पुसून तो फोन कंपनीच्या सेवाकेंद्रात किंवा अधिकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे नेऊन द्यावा. बॅटरी फुगलेली असेल तर तो चार्जिंगला लावू नये, आणि ओल्या कचऱ्यात तर मुळीच टाकू नये.